सात तट, पण माणसं कुठायत?

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीतल्या मिनास तिरिथ या डोंगरावरच्या तटबंद शहराबद्दल कुणीतरी म्हटलंय, की त्याच्या सात तटांचा उपयोग काय, वेढ्यात मुख्य दरवाजा तर फुटलाच. अहो, पण दरवाजे एका रेषेत नाहीतच! पहिला पूर्वेला, दुसरा आग्नेयेकडे, तिसरा ईशान्येकडे. रस्ता नागमोडी, आणि प्रत्येक फेऱ्यात डोंगराच्या सोंडेतल्या बोगद्यातून जाणारा. ग्रॉन्डने, म्हणजे शत्रूच्या दरवाजा फोडायच्या अजस्र ओंडक्याने, पहिला दरवाजा फोडला खरा, पण शत्रूची फौज आत शिरायच्या आधीच मदतीला आलेल्या रोहन या मित्रराज्याची शिंगं वाजली. (बाहेरचा तट काळा आहे बरं का, चित्रपटात पांढरा केलाय.)

खरं दुखणं वेगळंच. कथेतला पिपिन हा हॉबिट (बुटक्या जमातीतला) पहिल्यांदा शहरात येतो, घोड्यावरून वर जाताना बघतो, तर मोठाल्या वाड्यांच्या दारांवर जुन्या घराण्यांची नावं कोरलेली, आणि आत चिटपाखरू नाही. शहरात मावतील त्याच्या निम्मीच माणसं उरलीत.