मध म्हणजे नुसता पाक नव्हे

जखमेवर मध लावण्याबद्दल एकांनी लिहिलंय की मध म्हणजे घट्ट पाकच, साखरेमुळे जंतू मरतात. अर्धंच खरं आहे. मधात पाणी साधारण १७-२० टक्केच, बाकी बहुतेक साखर, त्यामुळे जंतूंच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. शिवाय तो आम्लधर्मी, सामू (pH) ४ च्या आसपास. पण खरी गंमत पुढे आहे. मधमाशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडते. बाटलीत ते जवळजवळ निपचित पडून असतं. जखमेतल्या ओलाव्याने मध पातळ झाला की जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार करत राहतं. पाकाला हे कुठून जमणार! (मध कडकडीत तापवलात तर विकर गेलंच.) न्यूझीलंडच्या मानुका मधाची तऱ्हा वेगळी, तिथे मुख्य काम मिथाइलग्लायॉक्सल या जंतुनाशक रसायनाचं.

पण म्हणून महाबळेश्वरहून आणलेली बाटली जखमेवर उपडी करू नका. मलमपट्टीसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू (सुप्त रूपं) असू शकतात. त्यांच्यामुळेच वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजी कितीही रुसली तरी.