सगळा विरोध एनआरएचा? नाही पटत
अमेरिकेत बंदूक-नियंत्रणाच्या कायद्यांना बंदूकवाल्यांचा विरोध म्हणजे सगळा एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकवाल्यांची तिथली मोठी संघटना) पैशाचा खेळ असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. व्हर्जिनिया राज्याचंच बघा ना. मे २०१९ मधे तिथल्या व्हर्जिनिया बीच शहरात गोळीबारात १२ जण गेले, नोव्हेंबरमधे डेमोक्रॅट्सनी राज्याची दोन्ही सभागृहं जिंकली आणि लगेच बंदुकांवर निर्बंध आणणारी बिलं आली. त्यातल्या एका बिलाच्या पहिल्या मसुद्यात तर लोकांकडे आधीपासून असलेली असॉल्ट रायफल (लष्करी धाटणीची रायफल) नुसती बाळगणं पण गुन्हा ठरणार होता, मग गावाकडचा शिकारी माणूस घाबरणार नाही तर काय! शंभराच्या वर काउंट्या आणि गावांनी 'सँक्चुअरी' ठराव केले, म्हणजे असे बंदूक-कायदे आमच्याकडे राबवणार नाही असे (कायद्याने त्यांना काही किंमत नव्हती, राज्याच्या अॅटर्नी जनरलनी, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, तसं लेखी सांगितलं होतं) आणि २० जानेवारी २०२० ला राजधानी रिचमंडला २२ हजारांच्या आसपास लोक जमले, कॅपिटलच्या (विधानभवनाच्या) आवारात हत्यारबंदी म्हणून बरेचसे बाहेर रस्त्यावर रायफली घेऊन उभे, तरी शांततेत पार पडलं. ही सभा एनआरएची नव्हतीच, व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग या तिथल्याच संघटनेची होती. आणि परिणाम झाला ना, असॉल्ट रायफलबंदी राज्याच्या सेनेटच्या समितीतच अडकली, चार डेमोक्रॅट्सनीच साथ सोडली.

पण बॅकग्राउंड चेकला (बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायला) पण या लोकांनी तेवढाच विरोध केला ते मात्र चूकच. बिलांमधला महिन्याला एकच हँडगन (पिस्तूल) विकत घ्यायचा नियम तर तिथे १९९३ ते २०१२ होताच की, तेव्हा कोणाची बंदूक काढून घेतली?