रिपोर्टची शेवटची ओळ वाचायची कुणी?

जोंधळा:
आमच्या वहिनीची गोष्ट. वय 52. गेल्या मार्चात गावात तपासणी शिबिर झालं, तिथल्या सिस्टरच्या हाताला छातीत गाठ लागली. तालुक्याला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, "साधी गाठ आहे, घाबरायचं नाही" म्हणाले. वहिनी येताना पेढे घेऊन आली. रिपोर्ट गॅसच्या पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. या फेब्रुवारीत काखेत गाठ आली. तुकडा तपासला, तर कॅन्सर, तिसरी स्टेज. मग भावाने जुना कागद शोधून काढला. अगदी खाली इंग्रजीत: बायरॅड्स 3, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊ ग्राहक आयोगात जायचं म्हणतोय आणि मला ते पटतं. निदान चुकू शकतं, मान्य. पण लिहिलेलं सांगायचंच नाही, ही चूक नव्हे, हलगर्जीपणा. तुमचं काय मत?

स्टेथोवाला:
वहिनींना लवकर बरं वाटो. पण बायरॅड्स ही गाठ किती संशयास्पद आहे हे सांगणारी श्रेणी; 3 म्हणजे कॅन्सर निघायची शक्यता फार तर 2 टक्के. त्या शंभरातल्या दोघी कुणाच्या तरी घरातल्या असणारच. निकाल कळल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही निव्वळ चुकीला निष्काळजीपणा धरलेलं नाही. अशा केसेस वाढल्या की डॉक्टर भीतीपोटी दिसेल त्या गाठीत सुई घालतील आणि बिल तुम्हीच भराल. आणि रिपोर्ट पेशंटच्या हातातच होता की.

चुलीपुढची:
हातात होता, इंग्रजीत. माझी आई रिपोर्टमध्ये फक्त स्वतःचं नाव बरोबर आहे का एवढं बघते. वाचून सांगायचेच पैसे तुम्ही घेता ना डॉक्टरसाहेब?

फिल्मवाचक:
मी स्वतः रेडिओलॉजिस्ट आहे, तरी स्टेथोवाला यांच्याशी असहमत. 2 टक्क्यांचा हिशोब 'पुन्हा बघू' या अटीवर उभा आहे. ती अट सांगितलीच नाही, तर बायरॅड्स 3 ला अर्थ उरत नाही. शिवाय 52 व्या वर्षी हाताला लागणारी गाठ असताना मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) का नाही? हाताने तपासणी, फोटो आणि सुईची तपासणी, तिन्हींचा मेळ बसला तर गाठ साधी म्हणायची, हे आम्हाला कॉलेजात घोकवतात. (आमच्यातले बरेचजण ती शेवटची ओळ बारीक टायपात टाकून मोकळे होतात, हेही कबूल.)

रिकामी खुर्ची:
ही शिबिरंच बंद करा. फोटो, सत्कार, केळी-बिस्किटं. गाठ सापडल्यावर पुढे कुणी विचारतं का?

सोलापुरी चादर:
शिबिरावर कशाला राग काढता? गाठ शिबिरातच सापडली, हरवली ती पुढे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची तपासणी आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली, मशीन नाही. 2021 मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही. जोंधळा यांच्या वहिनी 52 च्या आहेत, लक्षात घ्या.

रिकामी खुर्ची:
बरं, शिबिराचं मागे घेतो. पण केस कशाची करताय? 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर वगळलेत.

काळा डगला:
नाही वगळले. 'आरोग्यसेवा' हा शब्द व्याख्येत राहिला नाही म्हणून काही डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. 2021 मध्ये याचिका फेटाळली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. शांता खटल्यापासून, म्हणजे 1995 पासून, पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर या कायद्यात आहे.
जोंधळा, आधी केस पेपरची प्रत लेखी अर्जाने मागा, पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत असा नियम आहे. तक्रारीला मुदत 2 वर्षं. "कळलं तेव्हापासून" यावर फार विसंबू नका. 2010 चा एक निकाल आहे: गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात ऑपरेशनवेळी गॉजचं कापड राहिलं, नऊ वर्षांनी सापडलं, तरी तक्रार मुदतबाह्य ठरली. इतकी वर्षं दुखत असताना, स्वतः नर्स असून, तुम्ही गप्प का बसलात, असं कोर्टाने विचारलं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नसते.

स्टेथोवाला:
2024 मध्ये वकिलांनी स्वतःला याच कायद्यातून बाहेर काढून घेतलं, तेही लिहा की! असो. मुद्दा असा, की अकरा महिन्यांच्या उशिरानेच नुकसान झालं हे सिद्ध कसं करणार? कॅन्सर तेव्हाच पसरला नव्हता कशावरून?

काळा डगला:
टोमणा मान्य. प्रश्नही रास्त आहे, केस खरी तिथेच अडते. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये गाठीचं माप काय?

जोंधळा:
तेव्हा 1.4 सेंटीमीटर. आता 4.2.

फिल्मवाचक:
काखेबद्दल काही लिहिलंय?

जोंधळा:
"काखेत गाठी नाहीत" असं स्पष्ट आहे.
काल अर्ज घेऊन गेलो होतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर जेवायला गेलेत. दोन तास बसलो. शिक्का मिळाला, पण तारीख नव्हती, ती परत मागून टाकून घेतली. कागद अजून हातात नाहीत.
वहिनीला मात्र केस नकोय. धाकट्याच्या वेळी हेच डॉक्टर रात्री दोनला पावसात घरी आले होते, त्यांच्यावर केस कशी करायची म्हणते. भाऊ ऐकत नाही, दोघांचं कालपासून बोलणं बंद आहे. सोमवारी दुसरा केमो. कागदांना नवी फाइल आणलीय, पण ती अजून सगळं त्याच पिशवीत ठेवते.