शब्दचर्चा : ‘हिमकडा कोसळला’ की ‘हिमस्खलन झालं’? (बोलणारे चौघे नागपूरच्या वस्त्यांच्या नावानं)

महाल : नागपूरहून गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणाऱ्या गटाला मराठी सूचनापत्रक द्यायचं आहे. अ‍ॅव्हलांचला पेपरात सर्रास ‘हिमकडा कोसळला’ असं येतं. ‘हिमस्खलन’ पुस्तकी वाटतं. कोणता ठेवू? स्लॅब (बर्फाचा एकसंध थर), क्रस्ट (वरचा कडक थर), पावडर (ताजा, कोरडा, सुटा बर्फ) यांनाही शब्द हवेत.

धरमपेठ : हिमस्खलनच ठेवा, पुस्तकी असलं तरी. ‘हिमकडा’ वाचलेला माणूस वर कडा शोधतो आणि कडा दिसला नाही की निर्धास्त होतो. बहुतेक लादी-स्खलनं (लादी म्हणजे स्लॅब) ३० ते ४५ अंशांच्या मोकळ्या उतारावर होतात, म्हणजे स्कीइंगला जो उतार हवासा वाटतो नेमका त्यावरच. डोंगराच्या धारेवरून वाऱ्यानं उडालेला बर्फ आडोशाच्या बाजूला पुढे लोंबत साचतो, ते कॉर्निस. त्याला ‘हिमछज्जा’ म्हणा. तो काठावर नाही, अपेक्षेपेक्षा बराच मागे तुटतो; पत्रकात ‘काठाजवळ उभं राहू नका’ एवढ्यानं भागणार नाही.

इतवारी : स्लॅबला ‘लादी’? पण आपल्याकडे बर्फाची लादी म्हटलं की गोळेवाल्याची गाडी डोळ्यापुढे येते.

धरमपेठ : तीच अडचण. गोळेवाल्याची लादी दगडासारखी टणक. डोंगरावरची लादी कधी इतकी मऊ की बूट घोट्यापर्यंत रुततो. लादीपण कठीणपणात नाही, एकसंधपणात आहे. सुटा बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली फाकत जातो. लादीला उताराला आडवी भेग जाते आणि अख्खा तुकडा एकदम निघतो, तुम्ही त्याच्यावर उभे असताना. शब्द ‘लादी’च ठेवा, पुढे ‘मऊही असू शकते’ एवढं जोडा.

सदर : लादीखालच्या कच्च्या थरालाही नाव लागेल. बर्फाच्या पृष्ठावर जमणाऱ्या सरफेस होअरला हिंदीवाले ‘पाला’ म्हणतील.

महाल : मराठीत पाला म्हणजे झाडाचा! आणि ‘तुषार’ लिहिलं तर काटोलचा संत्रावाला स्प्रिंकलर समजेल.

सदर : मग ‘दहिवर’. मात्र ‘गोठलेलं दव’ असं समजावू नका. दव आधी पाणी होतं, मग गोठतं. इथे निरभ्र, शांत, थंड रात्री वाफ थेट बर्फावर पिसांसारखी जमते. दिसायला सुरेख. त्यावर हळुवार हिमवर्षाव झाला की ती पिसं तशीच गाडली जातात आणि वरच्या लादीला घसरायला जागा मिळते. दहिवर दिसेनासं झालं म्हणजे संपलं असं नाही, कित्येक दिवस टिकतं.

इतवारी : तळाच्या कच्च्या थराला, डेप्थ होअरला, ‘साखर’ म्हणू? मुठीत लाडू वळत नाही, हीच खूण.

सदर : साखर चालेल, पण खूण अपुरी. ताज्या कोरड्या पावडरचाही लाडू वळत नाही. साखरेचे दाणे मोठे, कोनदार, नुसत्या डोळ्यांना चमकताना दिसतात आणि खड्डा खणल्यावर सहसा तळाशी सापडतात. थर कच्चा आहे का ते पाहायला खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचा ३० सेंमी × ३० सेंमीचा खांब मोकळा करा, वर फावड्याचं पातं ठेवा; मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. पहिल्या काही थापांतच खांब सपाट कापल्यासारखा सरकला तर तो उतार सोडा. मात्र खांब टिकला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, शंभर पावलांवर थर वेगळा असू शकतो.

धरमपेठ : क्रस्टसाठी ‘पापुद्रा’, स्की आत फसते तो. वजन पेलणाऱ्यासाठी ‘कवच’. वसंतातल्या दाणेदार बर्फासाठी, कॉर्नसाठी, ‘रवाळ’, रवाळ तुपातला. रात्री गोठतो, उन्हानं वरचे दोन-तीन सेंमी सैलावतात. पूर्वेच्या उतारावर सकाळी, पश्चिमेच्या दुपारी. घोटा बुडू लागला की तो रवाळ राहिला नाही, लगदा झाला. तेव्हा उतार सोडायचा.

महाल : आणि पावडर?

इतवारी : पावडर पावडरच राहू द्या भाऊ, ‘भुकटी’ लिहाल तर कपडे धुवायची वाटेल.