आधी सेंटरबॅक, मग इसाक: लिव्हरपूल विजेतेपद राखणार का?

(फुटबॉल चाहत्यांमधली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहा नंबर

शुक्रवारी, १५ ऑगस्ट २०२५ला, आपल्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, बोर्नमथविरुद्ध नव्या मोसमाची सुरुवात. गेली लीग आपण चार सामने बाकी असतानाच जिंकली, टॉटनमला ५-१ हरवून. विसावं विजेतेपद. आता ते राखायचंय, आणि तिथे आपला इतिहास फारसा धीर देत नाही. लिव्हरपूलने विजेतेपद राखलं ते शेवटचं १९८४ मध्ये. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तर हे मँचेस्टर युनायटेड, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या तिघांनाच जमलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. १ सप्टेंबरला विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद होण्याआधी एकच खेळाडू आणायचा असेल तर तो सेंटरबॅक, म्हणजे मधला बचावपटू, आणा. न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक, त्याचं नंतर बघू.

गेल्या वर्षी प्रशिक्षक स्लॉटने काय केलं आठवा. मिडफिल्डर सुबिमेंदीने ऐनवेळी यायला नकार दिला, पहिल्या टीमसाठी आला तो एकटा किएझा. स्लॉटने ग्रावेनबर्खला सहा नंबरवर, बचावाच्या अगदी पुढच्या जागी, खाली ओढलं आणि बाकीचं जवळपास होतं तसं ठेवलं. ८४ गुण, ८६ गोल केले, ४१ खाल्ले. त्या टीमची सगळी ताकद तोलात होती. कुठे थांबायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

यंदा नेमकं उलटं चाललंय. ट्रेंट रेआल माद्रिदला गेला, डियाझ बायर्नला, नुनेझ अल हिलालला, क्वान्सा लेव्हरकूसेनला. आले विर्ट्झ, एकिटिके, फ्रिम्पाँग, केर्केझ. म्हणजे दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) नवे, दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) नवा, नऊ नंबर (स्ट्रायकर) नवा. खेळाडू एकेकटे बघितले तर एकावरही बोट ठेवता येणार नाही. रविवारी, मोसमाआधीच्या कम्युनिटी शील्ड सामन्यात, चौथ्या मिनिटाला विर्ट्झशी पास खेळून एकिटिकेने बॉक्सच्या कडेवरून लांबच्या कोपऱ्यात मारलेला गोल मी परत परत बघितलाय.

पण त्याच सामन्यात, वेम्बलीवर, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आपण दोनदा पुढे गेलो आणि दोनदा आघाडी घालवली. व्हॅन डाइकने सारला पाडलं, मातेताने पेनल्टी मारली. ७७व्या मिनिटाला सारनेच २-२ केले. पेनल्टी शूटआउटमध्ये हरलो त्याचं मला काही नाही. खुपलं ते हे, की बॉल गेला की केर्केझ आणि फ्रिम्पाँग दोघंही एकाच वेळी वर सापडत होते. त्यांच्यामागे कोनाते आणि व्हॅन डाइक, समोर सोबोस्लाय आणि जोन्स. हे दोघंही पुढे पळणारे. दोन पासमध्ये पॅलेस आपल्या बॉक्सपाशी. मिलानने हाँगकाँगमध्ये चार मारले तेव्हा सराव सामना म्हणून सोडून दिलं होतं, आता सोडवत नाही.

आणि सेंटरबॅक आहेत किती? व्हॅन डाइक ३४ वर्षांचा. कोनातेचा करार २०२६ मध्ये संपतोय. गोमेझ सलग तंदुरुस्त राहिला असं फार क्वचित झालंय. क्वान्साला विकून टाकला. २०२०च्या उन्हाळ्यात लोव्हरनला विकून त्याच्या जागी कोणालाच आणलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला, मागोमाग गोमेझ, मग मातिप. फाबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळवावं लागलं आणि त्यापायी मधली फळीही गेली. ॲनफिल्डवर लागोपाठ सहा लीग सामने हरलो. ९९ गुणांवरून ६९वर. तेच पुन्हा ओढवून घ्यायचं का?

डावा पाय

साफ असहमत. २०२०-२१ची आठवण सगळ्यांनाच बोचते, पण एका मोसमात तिन्ही मुख्य सेंटरबॅक जायबंदी होणं याला दुर्दैव म्हणतात. चौथा असता तर आपण दुसरे आलो असतो, पहिले नाही.

तुम्ही मागचं मोजलंत, आता पुढचं मोजा. डियाझचे गेल्या लीगमध्ये १३ गोल होते, तो गेला. नुनेझ गेला. जोता आता आपल्यात नाही. उरला सालाह, आणि तो २१ डिसेंबरपासून आफ्रिका कप खेळायला मोरोक्कोत असेल. इजिप्त पुढे गेला तर जानेवारीचा अर्धा महिनाही तिकडेच. इंग्लंडमध्ये सामन्यांची सर्वाधिक गर्दी नेमकी तेव्हाच असते. त्या महिन्यात गोल कोण मारणार? एकिटिके २३ वर्षांचा आहे, बुंडेसलिगात १५ गोल केलेत, मला तो मनापासून आवडतो. पण सगळा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

आणि सालाहबद्दल कोणी बोलायला तयार नाही ते मी बोलतो. २९ गोल, १८ असिस्ट, असा मोसम या लीगने बघितलेला नाही. पण त्यातले २७ गोल साउदम्प्टनविरुद्धच्या मार्चमधल्या सामन्यापर्यंतच झाले होते. पुढच्या नऊ सामन्यांत दोन. माणूस ३३ वर्षांचा आहे. त्याच्याकडून पुन्हा तीसची अपेक्षा ठेवून मोसम आखायचा याला मी बेफिकिरी म्हणेन. इसाकने न्यूकॅसलसाठी गेल्या लीगमध्ये २३ मारले. ११ कोटी पौंडांची बोली त्यांनी नाकारली असेल, तर पुन्हा जा आणि वाढवून जा.

तोफखाना

मी आर्सेनलवाला, तरी एक बोलू द्या. सहा नंबर, तुमच्या म्हणण्याला सगळ्यात मोठं उत्तर आमचीच टीम आहे. गेल्या लीगमध्ये आम्ही ३४ गोल खाल्ले, तुमच्यापेक्षा सात कमी. सलिबा-गॅब्रिएलसारखी सेंटरबॅकची जोडी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. आणि आलो कितवे? दुसरे, लागोपाठ तिसऱ्यांदा, दहा गुणांनी मागे. १४ सामने बरोबरीत सुटले. का? तर समोर बॉल आत ढकलणारा माणूस नव्हता. मी ते प्रत्येक ड्रॉ सोसलेत, म्हणून सांगतो, नुसत्या बचावावर लीग मिळत नाही. यंदा आम्ही ग्योकेरेस आणलाय, आणि तुम्हाला नको म्हणालेला सुबिमेंदीही आमच्याकडे आलाय. ३१ ऑगस्टला ॲनफिल्डवर भेटूच. माझ्या मते लीग यंदा आमची.

मधली फळी

डावा पाय आणि सहा नंबर, तुम्ही दोघंही चुकीच्या जागी खोदताय असं मला वाटतं. सेंटरबॅकही नाही, स्ट्रायकरही नाही. खरा बदल दहा नंबरला झालाय.

गेल्या वर्षी तिथे बहुतेक वेळा सोबोस्लाय खेळायचा. त्याचे गोल कमी म्हणून लोक नावं ठेवायचे. पण तो नव्वद मिनिटं समोरच्यांच्या अंगावर धावून जायचा, आणि बॉल हरवला की पहिला परतणाराही तोच. सालाहला मागे यावं लागत नव्हतं कारण त्याच्या वाटणीचं सोबोस्लाय धावत होता. ग्रावेनबर्ख एवढा शांत दिसायचा त्याचं निम्मं कारण हे. आता त्या जागी विर्ट्झ येतोय, दहा कोटी पौंड मोजून, वर अटींप्रमाणे आणखी १.६ कोटी. त्याला बॉल पायात हवा, ओळींच्या मधल्या जागेत. लेव्हरकूसेनमध्ये तोही भरपूर पळायचा, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण तिथे पाठीमागे तीन सेंटरबॅक असायचे, आणि फ्रिम्पाँग विंगबॅक म्हणून बिनधास्त वर जायचा कारण मागे माणूस उभा असे. तेच दोघं आता चारच्या बचावात आलेत.

त्यामुळे सहा नंबर, वेम्बलीवर तुम्ही जे बघितलंत ते खरं आहे, पण त्यावर उपाय चौथा सेंटरबॅक नाही. एक फुलबॅक वर गेला की दुसऱ्याने थांबायचं, ही शिस्त लावावी लागेल. त्याला वेळ लागतो. स्लॉटवर माझा विश्वास आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुण सांडतील हे धरून चाला.

सहा नंबर

तोफखाना, तुमचा आकडा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. तुम्हाला गोल कमी पडले म्हणून तुम्ही स्ट्रायकर आणला, योग्यच केलंत. आम्ही ८६ मारले होते. आमचं दुखणं ते नव्हतं, मग औषध तेच कशाला?

मधली फळी, सोबोस्लायबद्दल शब्दन् शब्द पटला. पण शिस्त लागेपर्यंतचे दोन महिने कोण सांभाळणार? उघड्या मैदानात एकास एक धावून बॉल काढणारा माणूस लागेल, आणि तेवढा वेग आज आपल्याकडे एकट्या कोनातेकडे आहे. व्हॅन डाइक अजूनही जागा वाचण्यात जगात पहिला असेल, पण त्याला चाळीस यार्ड मागे पळायला लावायचं नाही, हे बघणं क्लबचं काम आहे. माझी पसंती मार्क गेही. रविवारी पॅलेसचा कर्णधार म्हणून शील्ड त्यानेच उचलली. त्याचाही करार २०२६ मध्ये संपतोय, म्हणजे भाव आवाक्यात असायला हवा.

राखीव बाक

सगळं वाचलं. वर जोताचं नाव गेलेल्या खेळाडूंच्या हिशेबात आलं, हेतू वाईट नव्हता हे कळतंय. पण तिथे थोडं थांबूया. ३ जुलैला तो आणि त्याचा भाऊ आंद्रे स्पेनमध्ये अपघातात गेले. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. हे खेळाडू त्याच्यासोबत रोज एका ड्रेसिंग रूममध्ये बसत होते. दहा दिवसांनी प्रेस्टनविरुद्ध मैदानात उतरले तेव्हा अनेकांचे चेहरे बघवत नव्हते. क्लबने २० नंबर कायमचा त्याच्या नावे केलाय. एप्रिलमध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याने मारलेला गोल, बॉक्समध्ये वळून, दोघांना चकवून, तो सामन्यातला एकुलता गोल होता.

विजेतेपद राखतील की नाही मला सांगता येत नाही. यंदा पहिल्या काही सामन्यांत कोणी सुस्त वाटला, पास चुकला, तर लगेच शिव्या घालू नका एवढंच मागतोय.

डावा पाय

राखीव बाक, बरोबर आहे. त्याचं नाव मी तसं हिशेबात धरायला नको होतं.

बाकी माझं मत तेच. सहा नंबर, गेही आला तर मीही टाळ्या वाजवीन. पण दोघांपैकी एकच असेल तर इसाक. चेल्सीने २०१५ला विजेतेपदानंतर हात आखडता घेतला, डिसेंबरात मोरिन्यो गेले आणि टीम दहावी आली. जिंकलेल्या टीमने सगळ्यात धारदार भागालाच आणखी धार लावायची असते.

सहा नंबर

चेल्सीच्या त्या मोसमाचं तुम्ही म्हणताय तेवढं एकच कारण नव्हतं, तरी मुद्दा पोहोचला. माझा अंदाज लिहून ठेवतो: सेंटरबॅक आला तर पहिले, नाही आला तर तिसरे.

शुक्रवारचं बोला आता. गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात लाल कार्ड मिळाल्याने ग्रावेनबर्ख बोर्नमथविरुद्ध नाही. म्हणजे वेम्बलीवर जी मधली फळी उघडी पडली तीच पुन्हा. मी असतो तर बचावाकडे लक्ष देणाऱ्या मिडफिल्डर एंडोला सुरुवातीपासून खेळवलं असतं.

मधली फळी

एंडोला शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा, आघाडी असेल तर. बोर्नमथचा बचावही या उन्हाळ्यात रिकामा झालाय, हाउसन माद्रिदला गेला, केर्केझ तर आपणच आणला. सुरुवातीपासून त्यांच्यावर चालून जायला हवं. मॅक ॲलिस्टर पूर्ण सामना खेळण्याइतका तयार असेल तर तो आणि सोबोस्लाय, पुढे विर्ट्झ. आणि केर्केझला कोणीतरी सांगा, फ्रिम्पाँग वर दिसला की तू जागचा हलायचं नाही.