चावडीला सिमेंट लावावे की चुना?

प्रश्न (राळेगाव तालुका, यवतमाळ)
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये चिपिंग कॅम्पडन या बाजारपेठेच्या गावी सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी १६२७ मध्ये बांधून दिलेले दगडी कमानींचे बाजारगृह, जिथे लोणी, चीज आणि कोंबड्या विकल्या जात, ते आजही उभे आहे. आमची चावडी तेवढी जुनी नाही. तिचे सागवानी खांब शाबूत आहेत, पण भिंतींना कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) लागून चुन्याचे पोपडे गळत आहेत. सिमेंटचा गिलावा करून टाइल्स बसवण्याचे गावात घाटत आहे. तिकडे असे करू देतात का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर (वर्धा)
भाऊ, ते बाजारगृह तिकडच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. १९४० च्या दशकात ते विकले जाऊन अमेरिकेला जाण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनीच पैसे जमवून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हाती दिले. यादीतल्या इमारतीचे स्वरूप पालटेल असे काम परवानगीशिवाय करणे हा तिकडच्या १९९० च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे, मग ती इमारत खासगी का असेना. आपला राज्याचा १९६० चा कायदा घोषित स्मारकांपुरता आहे. गावोगावच्या चावड्या सहसा त्यात येत नाहीत. त्यांना जपणे गावाच्याच हाती असते, म्हणून तुमच्या ग्रामसभेने घाई करू नये, असे मनापासून वाटते.

उत्तर (आर्वी, बांधकाम व्यवसाय)
सिमेंट टाळाच. जमिनीतली ओल भिंतीत चढते. चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरते. मग लोणा आणखी वर सरकतो आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके गिलाव्याआड कुजत राहतात. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती हालचाल चुन्यातले बांधकाम थोडीफार सोसते, सिमेंटचा कडक थर मात्र तडकतो. आधी फुटके कवेलू बदला, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढा, जोत्यालगत चढलेला मातीचा भराव उपसा आणि भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या. त्यानंतरच मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करून तो ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चुन्याचे काम जाणणारा मिस्त्री हल्ली सहज मिळत नाही, तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर नमुना आधी करवून घ्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. भराव खरोखरच जोत्याच्या वर आला आहे. टाइल्सचे काय करावे?

उत्तर (आर्वी)
नको. जमीन पूर्ण बंद केली की खालची ओल भिंतींकडे वळते. शहाबादी फरशी चुन्यात बसवा आणि सांधेही चुन्यानेच भरा.