ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा आणि टीव्ही त्याला कसा जोडावा?

मिलिंद_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबांसाठी हॉलमध्ये गाणं ऐकायची सोय करतोय. खोली १२ बाय १४ फूट. बुकशेल्फ स्पीकर घेऊन झालेत, ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल. बाबा सीडीवर शास्त्रीय ऐकतात आणि टीव्हीवर बातम्या, बास. सीडी जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लावतात.

दुकानदार म्हणतो, ५.१ चा एव्ही रिसीव्हरच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावायचा ॲम्प) घ्या, पुढे उपयोगी पडेल. ऑनलाइन तळहाताएवढा २ × १०० वॅटचा ॲम्प स्वस्तात दिसतोय, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर. तिसरा म्हणजे २ × ५० वॅटचा साधा स्टिरिओ ॲम्प, त्यात ऑप्टिकल, कोॲक्सियल आणि एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने ॲम्पकडे आणणारी सोय) या तिन्ही डिजिटल जोडण्या आहेत, पण खिसा ताणावा लागेल.

शिवाय सध्याच्या ॲम्पला सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या वायरने जोडलाय, तो सतत घूंऽऽ करतो. त्यावर उपाय म्हणून साडेतीन हजारांची, सोन्याचा मुलामा दिलेली ऑप्टिकल केबल सुचवली गेली आहे. काय करू?

सोफासम्राट

रिसीव्हर घ्या की. उद्या मागचे स्पीकर लावावेसे वाटले तर? सिनेमा बघताना फरक कळतो.

खरखर_दुरुस्तीवाला

सोफासम्राट, बाबा सिनेमा बघत नाहीत. दोन स्पीकर चालवायला ५.१ चा डबा आणि त्याचा तो मेनू सत्तरीच्या माणसाच्या हाती कशाला द्यायचा?

मिलिंदराव, आधी तो तळहाताएवढा ॲम्प निकालात काढू. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे १२ वॅटपेक्षा जास्त स्वच्छ पॉवर निघूच शकत नाही. १२ चा वर्ग १४४, भागिले ६ ची दुप्पट, म्हणजे १२. शाळेतलं गणित आहे. खोक्यावरचे १०० वॅट म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरवरच्या पीएमपीओ या फुगवलेल्या आकड्यांचे नातेवाईक. त्याच ॲम्पला २४ व्होल्टचा दणकट अडॅप्टर लावला तर ४८ वॅटपर्यंत जाता येतं, पण तो वेगळा विकत घ्या, वर डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) वेगळा घ्या. मग स्वस्त काय राहिलं?

आणि वॅटचं एवढं मनावर घेऊ नका. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ५० आणि १०० वॅटमधला फरक कानाला ‘जरासा मोठा’ एवढाच. तुमचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ देतात. १६ वॅटला तेच ९८ होतात. सोफ्यापर्यंत येईतो काही कमी होतील, तरी तुमच्या खोलीत तेवढ्यावर शेजारी दार वाजवतील. ५० वॅट म्हणजे तबल्याच्या थापेला मोकळी जागा, रोजचं ऐकणं दोनचार वॅटांत भागतं. तिसरा पर्याय घ्या.

आता जोडणी. ऑप्टिकल चांगलं की कोॲक्सियल, यावर लोक भांडतात. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ सिग्नल दोन्हींतून जसाच्या तसा जातो. मी सोय बघतो. डीव्हीडी प्लेअरच्या मागे नारिंगी सॉकेट असेल तर ते कोॲक्सियल. त्याला ७५ ओहमची केबल लागते, आणि जुन्या व्हिडिओची पिवळी वायर ७५ ओहमचीच असते. माळ्यावर सापडेल, विकत घेऊ नका.

टीव्हीला आधी एआरसी. कारण एकच, रिमोट. बाबांना टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येईल, आणि टीव्ही लावला की ॲम्पही चालू होईल. त्यासाठी टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एका रिमोटने चालवायची सोय) सुरू करा. सॅमसंग त्याला ॲनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सगळ्यांना आपापलं बारसं करायची हौस. केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच घाला, शेजारच्यात चालणार नाही. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडा, ॲम्पला नको.

अश्विनी_डोंबिवली

पण घूंऽऽ चं काय? आमच्याकडे एआरसी लावूनही हम राहिला. ऑप्टिकल लावल्यावर गेला.

खरखर_दुरुस्तीवाला

बरोबर बोललात. एचडीएमआयमध्येही तांबंच आहे, ग्राउंड जोडलेलाच राहतो. मिलिंदराव, आधी सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून येणारी वायर काढून बघा. हम थांबला तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगमुळे होणारी घूंऽऽ) तिथूनच येतोय. थ्री-पिनची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी कापू नका.

एआरसीवरही हम राहिला तर ऑप्टिकल. त्यातून फक्त उजेड जातो, वीज नाही, म्हणून लूप तुटतो. आणि म्हणूनच त्या सोन्याला काही काम नाही. साधी दोनअडीचशेची केबल आणा. मात्र बऱ्याच टीव्हींचा ऑप्टिकल आवाज एकाच पातळीवर अडकलेला असतो, मग ॲम्पचा रिमोटही हाताशी ठेवावा लागतो.

मिलिंद_नाशिक

ॲम्प आला. हम एआरसीवरही थोडा होताच, म्हणून ऑप्टिकल लावली. पण आता आवाजच नाही!

खरखर_दुरुस्तीवाला

केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची इवलीशी टोपणं काढलीत का? दुसरं टोक ॲम्पमधून काढून तळहातावर धरा, लाल ठिपका दिसायला हवा. दिसला तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ असेल ते ‘पीसीएम’, म्हणजे न गुंडाळलेला साधा डिजिटल आवाज, करा. स्टिरिओ ॲम्पना बहुधा डॉल्बीत गुंडाळलेला आवाज उलगडता येत नाही, ते गप्प बसतात.

मिलिंद_नाशिक

पीसीएम केलं, लागला. बाबा विचारतायत, पिवळी वायर लाल सॉकेटमध्ये घातली तर चालेल का?

खरखर_दुरुस्तीवाला

लाल म्हणजे ॲनालॉग. नारिंगीतच घाला, आणि ॲम्पवर सोर्स कोॲक्सियल निवडा.